हिरवी केलेली टेस्ट

संयोगिता घार्गेला राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर ती ते मुरांब्यासारखं मुरवत ठेवायची. औंधची पोर. बाप फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, घरात बोलणं कमी आणि दटावणं जास्त. अशा घरातली पोरं एक तर मवाळ होतात, नाहीतर धारदार. ही धारदार झाली.

मलकापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर जयराजदादांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. संगणकाची पदवी घेऊन संयोगिता तिथं गिऱ्हाइकांचे फोन घेत बसायची. कोड लिहायचा तो ऋषिराज, दादांचा मेहुणा, पुण्यात काही वर्षं नोकरी करून आलेला. पुण्यात नेमकं काय केलं हे कुणी विचारलं नव्हतं. मालकाच्या मेहुण्याला विचारतंय कोण?

त्या वर्षी नदीकाठच्या एका पाणी संस्थेचं काम आलं. कुणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी लागते आणि कधी संपते, याचा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायला हवा होता. दादा म्हणाले, "यावेळी कोड तपासून द्यायचा. संयोगिता, युनिट टेस्ट तू लिही. जमल्या तर पुढचा कोड तुझ्याकडं. नाही जमल्या तर फोन आहेच."

ऋषिराज हसला. "लिहू दे की. निवडण-टिपण पोरींना छान जमतं."

ते हसणं तिनं नीट बांधून ठेवलं.

टेस्ट म्हणजे काय हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. व्हिडिओ बघून शिकली. तशी ती काही गूढ विद्या नव्हे. प्रोग्रामचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, त्याला एकच प्रश्न घालायचा, आणि उत्तर काय यायला हवं ते आधी आपण लिहून ठेवायचं. जुळलं तर हिरवी ओळ, नाही जुळलं तर लाल. पण नवशिकी ती नवशिकीच. उत्तर काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिनं प्रोग्रामच चालवला, तो जे सांगेल ते उत्तर म्हणून उतरवून घेतलं, आणि मग टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्यागार!

"बघा, माझ्या कोडात चूक नसतेच," ऋषिराज म्हणाला.

चोराच्याच हाती आपण जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, हे तिला घरी जाताना एसटीत कळलं. स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याचा.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या टेस्ट पुसल्या आणि नव्यानं मांडल्या. आता उत्तर प्रोग्रामला विचारायचं नाही. पाळी मध्यरात्र ओलांडून गेली तर? महिना संपला तर? एकेका टेस्टमध्ये एकच प्रश्न. मग तिला लाईटीची आठवण झाली. पंपावर बसवलेलं यंत्र लाईट गेल्या-आल्याची खबर प्रोग्रामला देत होतं. तिनं लिहिलं, पाळी सकाळी सहाला सुरू, सहा तासांची, मधे दोन तास लाईट गेली. संपायला हवी दोनला, कारण लाईट गेली की पाळी थांबते, हे तिच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रोग्राम म्हणाला, बाराला. ओळ लाल झाली.

किती आनंद झाला तिला! चूक सापडल्याचा नव्हे, त्याची सापडल्याचा. तिनं सगळ्यांसमोर त्याला बोलावलं.

"तुझी टेस्ट चुकलीय," तो म्हणाला.

"सर, लाईट गेली तर पाळी थांबते. कुणालाही विचारा."

"संस्थेच्या कागदावर तसं लिहिलेलं नाही. तुझ्या गावचे नियम इथं सांगू नकोस."

संध्याकाळी त्यानं तिच्या टेस्टमधलं दोन खोडून बारा केलं. ओळ हिरवी झाली. प्रोग्राम संस्थेकडे गेला. सकाळी तिनं ते पाहिलं. दादा समोरच्या खोलीत होते, दार उघडं होतं. चार पावलं गेली असती तर काम झालं असतं. पण ती खुर्चीतून हलली नाही. पडू दे तोंडावर, तिला वाटलं. आपण सांगितलं तर नुसती दुरुस्ती होईल. गावानं येऊन सांगितलं तर त्याची चामडी निघेल.

गाव आलं. संस्थेचे अध्यक्ष नाथाजी आले, धोतराला चिखल तसाच.

"आमच्या संस्थेतला अर्जुना कराडला दवाखान्यात पडलाय," ते उभ्यानंच म्हणाले. "डोस्क्यात खोरं बसलं. त्याची पाळी चालू हुती, मधी लाईट गेल्याली. तवर शेजारच्याला तुमचा निरोप, तुमची पाळी लागली म्हणून. तो व्हॉल्व्ह फिरवाय आला. दोघांचंबी बरूबर, आन् दोघंबी भांडाय उभं."

दादा पांढरे पडले. "टेस्ट पास होत्या ना?"

"टेस्ट हिनं लिहिल्यात," ऋषिराज म्हणाला.

हाच तो क्षण. संयोगिता उठली, मूळ टेस्ट त्यांच्यासमोर पुन्हा लिहिली, दोन टाकलं. लाल. "मी दोनच लिहिलं होतं. सरांनी बारा केलं." "कागदावर तसं नव्हतं म्हणून केलं," ऋषिराज म्हणाला. दादांनी त्याला कामावरून काढलं, आणि तिला म्हणाले, "आजपासून कोड तू बघ."

आवं, असं सुख आयुष्यात किती वेळा मिळतं? ते पुरतं गळ्याखाली उतरायच्या आत नाथाजींनी विचारलं, "पोरी, हे त्यानं बदललं, ते तुला कवा कळलं?"

"तुमच्याकडं प्रोग्राम आला त्याच्या दुसऱ्या सकाळी."

"म्हंजे भांडणाच्या आदी."

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

दादाही तिच्याकडे बघत होते.

"त्येला कळत नव्हतं," नाथाजी म्हणाले. "तुला कळत हुतं." आणि जिना उतरून गेले.

कोड तिनं त्याच दुपारी दुरुस्त केला. ओळ खरीखुरी हिरवी झाली. ऋषिराजची खुर्ची तिला मिळाली, नको म्हणावं असं वाटलं, पण ती नको म्हणाली नाही. आठवड्यानं तिनं धीर करून नाथाजींना फोन लावला, अर्जुना कसा आहे विचारायला. तिनं नाव सांगितलं. पंपाचा आवाज तेवढा ऐकू येत होता, मग फोन बंद झाला.