शिवेपार गेलेला गाडा

माझं माहेर जुन्नर तालुक्यात आणि सासर आंबेगाव तालुक्यात. दोन तालुके म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा प्रवास. प्रत्यक्षात मधे एक ओढा आहे आणि उन्हाळ्यात त्यात शेळीचे पायसुद्धा भिजत नाहीत. माझ्या लग्नानंतर पाठवणीचा ट्रॅक्टर त्या ओढ्यापाशी थांबवला, शीव ओलांडायची म्हणून नारळ फोडला, आणि पलीकडच्या काठावर लगेच सासरचं रान सुरू झालं. मागं वळून पाहिलं तर आमच्या विहिरीवरचं जांभळाचं झाड दिसत होतं. मी रडले, पण जरा संकोचतच रडले. एवढ्या जवळ जाताना किती रडायचं असतं ते मला कळेना.

ही गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षातली, नव्वदच्या दशकाच्या मधली. त्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावात जनावरांची खुरकूत आली. कुणीतरी बेल्ह्याच्या बाजारातून टेंपोत घालून एक जर्सी गाय आणली होती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, पण घेणाऱ्याला वाटलं उन्हानं असेल. बघता बघता गावातली जनावरं लंगडायला लागली. तोंडात आणि खुरांत फोड, चारा बंद, दूध बंद. मग गावानं ठरवलं की गाडा काढायचा.

गाडा म्हणजे मरीआईचा गाडा. हातभर लांबीचा लाकडी गाडा, त्यात शेंदूर फासलेली देवी, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभाताचा निवद. हलगी वाजवत तो गावातून ओढायचा, शिवेपार सोडायचा आणि मागं न बघता घरी यायचं. देवीबरोबर रोगराई जाते. कुठं जाते? तर पुढच्या गावात. मग त्या गावानं तो आपल्या शिवेपार करायचा. आलेल्या वाटेनं परत मात्र पाठवायचा नाही, एवढा एकच नियम. लहानपणी एकदा मी हे पाहिलं होतं आणि मला ती जत्राच वाटली होती. गाडा शेवटी कुठं जातो, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही. ओढ्यापलीकडं गेला की आमच्यापुरता तो संपायचा.

सासरच्या गावाला हलगी ऐकू आली तेव्हा बापे काठ्या घेऊन ओढ्याच्या काठावर उभे राहिले. गाडा आपल्या रानात येऊ द्यायचा नाही, असं ठरलं होतं. माझे सासरेही आमच्या बांधावर काठी घेऊन उभे होते. मी तिथंच गाईंसाठी घास कापत होते. तिन्हीसांज व्हायला आली होती. ओढ्यातून माणसं वर चढली, बाकीच्यांचे बांध सोडून नेमकी आमच्या बांधावर आली, आणि गाड्याची दोरी धरून सगळ्यांत पुढं माझे वडील होते.

सासऱ्यांनी उचललेली काठी खाली घेतली. व्याह्यावर हात कसा उचलायचा? वडिलांनी गाडा आमच्या बांधाच्या आत सरकवला, दोरी टाकली, आणि मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"बरी हायेस का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बरी हाय."

ते वळले आणि नियमाप्रमाणं मागं न बघता निघून गेले.

हे असं का झालं, ते मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बोलण्यातून कळलं. त्या चुलीपाशी बसून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या बांधावर आले असते, तर टाळकी फुटली असती. लेकीचं घर बघूनच आले." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अख्ख्या शिवेवर एकच जागा अशी होती जिथून रोग बिनधोक आत नेता येत होता, आणि ती जागा म्हणजे मी होते. वडील तसे वाईट नव्हते. गावानं त्यांना सांगितलं असणार, तुमचे पावणे आहेत, तुम्हीच पुढं व्हा. पण त्यांनी हो म्हटलं होतं.

गाड्यामुळं असो की ओढ्यावर दोन्हीकडची जनावरं उरलेल्या एकाच डबक्यात पाणी पितात म्हणून असो, आमच्या गोठ्यातही खुरकूत शिरली. मी तुरटीच्या पाण्यानं गाईंची तोंडं धुवायचे. गाईला झोंबायचं, ती मान झटकायची, लाळ माझ्या पदरावर उडायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "यांच्याकडची साथ." यांच्याकडची म्हणजे माझ्याकडची. घरात भांडण झालं असतं तर परवडलं असतं. तिथं सगळे मला जेवायला वाढायचे, तब्येत विचारायचे, आणि माहेरचा विषय निघाला की उठून जायचे.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होते आणि राजकीय भूगोलाचा पेपर राहिला होता. गोठ्याच्या ओट्यावर बसून मी पाठ करायचे. राज्याला निश्चित भूप्रदेश लागतो, लोकसंख्या लागते, शासन लागतं, सार्वभौमत्व लागतं. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं वाटणारे लोक. नदी, डोंगर या नैसर्गिक सीमा. मला हे वाचून रडू यायचं, आणि भूगोल वाचून रडणारी सून बघून दीर हसायचा. पुस्तकाप्रमाणं बघितलं तर मी कुठल्याच राष्ट्रात बसत नव्हते. माहेरानं माझा रस्ता केला होता आणि सासरानं मला परक्या मुलखाची ठरवलं होतं. मला कुठलंच गाव उरलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे आणि स्वतःची फार कीव करायचे.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आमच्याकडं नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा असतो. माहेरचं माणूस मुराळी म्हणून न्यायला येतं. माझा मुराळी येईल का, आणि आला तर हे लोक त्याला घरात घेतील का? दोन्ही घरांचं बोलणं तुटलं तर ते परत जोडायला कुणी मधे पडणार नव्हतं. मी रोज ओढ्याच्या बाजूला बघत असे.

इकडं गाडा आमच्या बांधावर पडून होता आणि तो पुढं ढकलायचा होता. गावाची बैठक मारुतीच्या पारावर झाली. सासरे घरी येऊन म्हणाले, "ठाकरवाडीच्या बाजूला न्यायचं ठरलं."

ठाकरवाडी म्हणजे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरची ठाकर आदिवासींची झोपड्यांची वस्ती. तिथली एक बाई आमच्या रानात खुरपायला यायची. सासरी आल्यावर माझ्याशी सगळ्यांत आधी मोकळेपणानं बोलली ती हीच. खुरपं कसं धरलं की हाताला फोड येत नाहीत ते तिनंच मला दाखवलं होतं. तिच्याकडं काळ्या, ठेंगण्या बैलांची एक जोडी होती आणि वाडीतली सगळी भातखाचरं त्याच जोडीवर व्हायची.

मी सासऱ्यांना विचारलं, "मामा, पण वाडी आपल्याच शिवेत आहे ना?"

"मतदानाला हाय," ते म्हणाले. "पन ती काय गाव न्हाई."

सुनेनं एवढं विचारलं हेच पुष्कळ झालं होतं. आमच्या लोकांनी गाडा वाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. तिथं काठी घेऊन कुणी उभं नव्हतं, कारण आमच्याशी वाकडं घेऊन वाडीला मजुरी मिळाली नसती.

पुढं दोन्ही गावांत डेअरीवाल्यांनी डॉक्टर आणला, सुया झाल्या, जनावरं हळूहळू चारा खायला लागली. वाडीत डेअरीची गाय नव्हती, म्हणून डॉक्टर वर गेला नाही. तिथली जनावरं लंगडतायत, असं कुणीतरी चहा पिताना सांगितलं. त्या बाईचा एक बैल बसला तो उठलाच नाही, हेही मी ऐकलं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरची एखादी रेष सैल झाली की जास्त आनंद व्हायचा.

आखाड लागला आणि वडील आले. डोक्याला नवी टोपी, हातात लाडवांचा डबा. ओसरीशी येऊन उभे राहिले, आत यायचं धाडस करेनात. सासऱ्यांनी त्यांच्याकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "या की पावणं, उभं काय ऱ्हायलाय?" सासूबाईंनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. मी आनंदानं चहाला आधण ठेवलं.

"जनावरं कशी हायेत?" वडिलांनी विचारलं.

"आता ब्येस हायेत. तुमची?"

"आमचीबी. आईची किरपा."

"झालं गेलं गंगेला मिळालं, राव," सासरे म्हणाले, आणि दोघं मोकळं हसले. लाडू फुटले. दोन घरं जुळली. पुस्तकात याला तह म्हणतात. मी दारामागं उभी राहून डोळे पुसत होते.

ती वाडीवरची बाई त्या दिवशी आमच्या अंगणात होती. बैल गेल्यामुळं खाचर तसंच पडलं होतं, म्हणून ती गोठ्याचं काम मागायला आली होती आणि शेण भरत होती. ती पाटी खाली ठेवून ओसरीपाशी आली. रागावलेली वगैरे नव्हती. रस्ता विचारावा तसं तिनं विचारलं.

"मालक, तो गाडा अजून आमच्याकडंच हाये. मागं न्यायचा न्हाई म्हनत्यात. मंग पुढची शीव कुनाची ते सांगा, म्हंजी आमी नेऊन ठेवू."

माझ्या वडिलांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे म्हणाले, "पुढं जंगल हाय की."

"जंगल सरकारचं. गार्ड फिरकू देत न्हाई."

"त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढं कडा हाये."

वडिलांनी बशीतला उरलेला चहा प्यायला. मग सासरे म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," आणि वडिलांनी मान डोलावली. इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघितलेल्या या दोन माणसांचं त्या एका गोष्टीवर पटकन एकमत झालं. मला त्या दोघांची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. एकाच्या घरात मी जन्मले होते आणि दुसऱ्याच्या घरात मरणार होते. आणि आत माझी पिशवी भरून तयार होती.

"आवर गं," वडील म्हणाले, "उजेड हाय तवर निघू."

मी पिशवी घेऊन बाहेर आले. ती परत शेण भरायला बसली होती. जाताना काहीतरी बोलावं म्हणून मी तिच्यापाशी थांबले. तिनंच माझ्या नव्या लुगड्याकडं आणि पिशवीकडं पाहिलं.

"माहेरी चाललीस? जा बाय," ती म्हणाली. "तुजं बरं हाय. तुला दोन गावं हायेत."