खडूच्या फुल्या

आर्डमोरा जहाजाच्या पोटातला वास तुम्ही एकदा घेतला असता, तर शिडाच्या जहाजांची गाणी म्हणायची तुमची हौस कायमची फिटली असती. ऑस्ट्रेलियातून गहू भरून यायची ती. कितीही उतरवला तरी थोडा गहू फटींत राहतोच. तो तळाच्या पाण्यात कुजायचा, त्यात उंदीर मरायचे, वरून गंजाचे पापुद्रे गळायचे, आणि सगळ्याचं मिळून तपकिरी पिठल्यासारखं काहीतरी व्हायचं. माझे बाबा, अल्गोत हुसेल, ते बादलीनं उपसायचे. गुडघाभर घाणीत उभं राहून. घरी आले की आधी सौनात वाफेची आंघोळ, मग जेवण. तरी उकडलेल्या बटाट्यालासुद्धा तोच वास मारायचा.

बाबा जहाजावरचे सुतार. जहाज सगळं पोलादाचं, डोलकाठ्यासुद्धा पोलादाच्या, पण माणसाला म्हणायचं सुतार. रंधा वर्षातून दोनदा हातात यायचा. खरं काम गंजाशी.

सतरा वर्षांचे असताना कार्डिफला ते तिच्यावर चढले. तेव्हा ती आठ वर्षांची होती, स्कॉटलंडात बांधलेली, आणि म्हणे आरशासारखी चमकायची. वेल्सचा कोळसा घेऊन हॉर्नच्या वादळी भूशिराला वळसा घालायचा, चिलीत तो ओतायचा, सोरा भरून परत यायचं. कधी कलकत्त्याचा ताग. कधी पेरूच्या बेटांवरची पाखरांची वाळलेली शीट, शेतात खत म्हणून टाकतात ती. गावातले म्हातारे त्याला सोन्याचे दिवस म्हणतात. बाबा म्हणतात, "शिटेचे दिवस. तोंडाला फडकं बांधून फावडं मारायचं, आणि रात्री पाव खाल्ला तर पावालाही तीच चव."

मग महायुद्ध लागलं. ती चिलीच्या एका बंदरात पाच वर्षं बांधून पडली, आणि राखणीला तिच्यावर बाबा. इकडं आमच्या गावी, मारियाहाम्नमध्ये, माझा भाऊ रुरिक जन्मला. बाबा घरी आले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आईच्या मागं लपून त्यानं विचारलं, "हा माणूस कधी जाणार?" आई होती तोवर ही गोष्ट हसून सांगायची. मला त्यात कधी हसू आलं नाही.

वाफेच्या बोटी आल्या तशी जगानं शिडाची जहाजं टाकून दिली. कुठं त्यांच्या डोलकाठ्या कापून कोळशाची कोठारं केली, कुठं खडकावर सोडून दिली, उरलेली तोडली. आमच्या गावच्या मालकानं असली टाकलेली म्हातारी भंगाराच्या भावात गोळा केली. आर्डमोरा त्यातलीच, आणि तिच्याबरोबर बाबासुद्धा आले, दाराबरोबर बिजागरी यावी तसे. जहाजाचा विमा मालक काढायचाच नाही. पण गव्हाचा विमा असायचा, म्हणून दरवर्षी आमच्या बेटावर मुख्य भूमीवरून एक तपासनीस यायचा. पोटात उतरायचा, पत्र्यांवर हातोडी मारायचा, आणि "ठीक आहे" असं लिहून द्यायचा.

आता आमच्याकडची रीत सांगते. जहाजाला आतून फासळ्या असतात, त्यांवर पत्रे. गंज पत्र्याला खातो, फासळीला कमी. फासळीवर हातोडी बसली की खणखणीत आवाज येतो. दोन फासळ्यांच्या मधे बसली की काय होईल ते देव जाणे. म्हणून सुतारानं आदल्या दिवशी पोटात जायचं आणि बरोबर फासळ्यांवर खडूनं फुल्या मारून ठेवायच्या. तपासनीस फुल्यांवर मारतो. त्याआधी मालकाकडं त्याचं जेवण झालेलं असतं: हेरिंग, धुरावलेला मासा, बाटली, शेवटी वेलदोडा घातलेला रव्याचा पॅनकेक. पत्रा अगदीच गेला असेल तिथं आतून सिमेंट लिंपायचं आणि वर शेंदरी रंग. शेंदूर फासला की धोंड्याचाही देव होतो. ह्याला आमच्यात कुणी लबाडी म्हणत नाही. सुताराचं कसब म्हणतात. बाबांनी अकरा वर्षं फुल्या मारल्या, आणि गावात त्यांना सगळे मानानं सुतारकाका म्हणायचे.

त्या सप्टेंबरात मी सोळाची होते. शाळा सोडून तीन वर्षं झालेली, धक्क्याला लागलेल्या आर्डमोरावर राखणदारांचा स्वयंपाक करत होते. तपासणीच्या आदल्या दिवशी बाबांना कॉफी द्यायला पोटात उतरले. ते कंदील धरून एका पत्र्यासमोर उभे होते. हातात खडू होता, पण फुली एकही नाही.

"इकडं ये," म्हणाले. "अंगठा दाब."

मी दाबला. पत्रा आत गेला. पोलाद हो! भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं आणि अंगठ्याला लाल चिखल लागला.

"आत्ता ती रिकामी आहे म्हणून हा पत्रा पाण्याच्या वर आहे," बाबा म्हणाले. "गहू भरला की खाली जाईल."

"किती खाली?"

"तुझ्या उंचीएवढा."

कॉफी त्यांनी तशीच परत दिली.

आणि रुरिकनं तिच्यावर खलाशी म्हणून नाव घातलं होतं. शिडाच्या जहाजावर अजून एक फेरी झाली की त्याला अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसता येणार होतं. बाकीच्या जहाजांवरच्या जागा भरल्या होत्या. त्या संध्याकाळी तो जेवायला आला, तोंडात पाव, पाय बाकावर.

"काय बाबा, म्हातारीला टिकल्या लावल्या का?"

"नाही लावल्या."

"मग उद्या सकाळी लावा. विसराल हं, वय झालं तुमचं."

"तू ह्या फेरीला जाऊ नकोस."

रुरिक हसला. "अकरा वर्षं तुम्हीच तिला पास करताय. आता मी जातो म्हटल्यावर ती सडली होय?"

"सडलेली आधीच होती. मला आधी बोलायला हवं होतं."

"मग आताही बोलू नका! ही फेरी चुकली तर मी जन्मभर दोर ओढत मरेन. तुमच्यासारखा."

"माझ्यासारखा तर माझ्यासारखा," बाबा म्हणाले. "मी मेलो नाही अजून."

रुरिक पाव टाकून उठला. दार त्यानं इतक्या जोरात आपटलं की खुंटीवरचा टॉवेल पडला.

दुसऱ्या दिवशी जेवण करून तपासनीस आला. गाल लाल, मिशीला पॅनकेकवरचा मुरंबा. बरोबर कप्तान शोवाल. मी कॉफीची किटली घेऊन मागं. वर डेकवरच्या भोकाशी रुरिक आणि चारपाच खलाशी वाकून बघत होते.

तपासनिसानं कंदील फिरवला. पत्रे कोरे. तो बाबांकडं वळला आणि काय म्हणाला माहितेय?

"हुसेल, फुल्या कुठायत?"

त्याला ठाऊक होतं! मेल्याला सगळी वर्षं ठाऊक होतं!

"आज साहेब, वाटेल तिथं मारा," बाबा म्हणाले.

कप्तान खोकला. तपासनीस हसला, "बरं बरं," म्हणाला, आणि त्यानं काय करावं? बोटांनी चाचपून स्वतःच फासळी शोधली. आंधळ्यानं भिंत शोधावी तशी. बरोबर तिच्यावर टिचकी मारल्यासारखी हातोडी लावली. खण्ण. पुढची फासळी. खण्ण. पाचसहा झाल्यावर त्यानं वही काढली.

बाबांनी पट्ट्यातून स्वतःची हातोडी काढली. ओरडले नाहीत, काही नाही. कालच्या पत्र्यापाशी गेले, आणि ज्या जहाजावर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं, तिच्या अंगावर त्यांनी हातोडी हाणली. एकदाच.

आवाजसुद्धा आला नाही धड. फसकन काहीतरी झालं, आणि हातोडी मुठीपर्यंत बाहेर गेली. त्यांनी ती ओढून घेतली तशी उन्हाची एक तिरीप आत शिरली. बाहेरच्या सीगलचं ओरडणं स्वच्छ ऐकू आलं. तिरीप नेमकी तपासनिसाच्या बुटावर पडली. त्यानं बूट बाजूला घेतला. तेवढंच केलं त्यानं.

"हुसेल, भोक पाडलंस!" कप्तान म्हणाला.

"भोक होतंच, कप्तान. मी फक्त रंग काढला."

वरून कुणीतरी थुंकलं. थुंकी माझ्या किटलीच्या झाकणावर पडली. मी मान वर केली. रुरिक होता.

आर्डमोरा त्या वर्षी गेली नाही. सव्वीस जणांची फेरी बुडाली, मालकानं तिला विकायला काढलं, आणि सुतारकाकांचं नाव झालं भोकपाड्या. आठवडाभरात! दुकानदार, शेजारच्या एब्बाकाकूचा नवरा, मला म्हणाला, "पिठाचं पोतं जपून ने गं, तुझ्या बापाला दाखवू नकोस, भोक पाडेल." मी त्याच्या काउंटरवर थुंकले. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. ज्या बायांचे मुलगे त्या पुठ्ठ्याच्या जहाजातून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार होते, त्याच बाया बाबांना बघून रस्ता ओलांडायच्या. मला त्यांचं तोंड बघितलं की तळाचं ते पिठलं आठवायचं. रुरिक खलाशांच्या खानावळीत राहायला गेला.

"तुम्हाला राग कसा येत नाही?" मी बाबांना विचारलं.

"येतो की."

"मग?"

"अकरा वर्षं फुल्या कुणी मारल्या? त्यांनी?"

बर्फ वितळल्यावर टगबोट आली आणि आर्डमोराला जर्मनीत तोडायला ओढून घेऊन गेली. सोबत माणसं हवी होती. बाबांनी स्वतःहून नाव दिलं. तीन आठवड्यांनी परत आले ते काखेत एक गाठोडं घेऊन. टेबलावर सोडलं. सिमेंटची लादी होती, तव्याएवढी. एका बाजूला त्यांच्याच थापीचे फराटे. दुसऱ्या बाजूला रिबिटांचे खड्डे आणि नुसती लाल भुकटी.

"ह्याच्या मागं पत्रा असायला हवा होता," बाबा म्हणाले. "नव्हताच. दोन फेऱ्या समुद्र ह्या लादीनं अडवला होता. मी लिंपलेल्या." मग हात धुवायला गेले, आणि किती वेळ धूतच राहिले.

उन्हाळ्यातल्या सणाला गावात खांब उभा करतात. पानाफुलांनी मढवलेला, टोकाशी लाकडाचं छोटं जहाज. ते जहाज दरवर्षी बाबा कोरायचे. त्या वर्षी मागायला कुणी आलं नाही. शाळामास्तरानं कोरलेलं बदकासारखं काहीतरी वर चढवलं. बाबा घरी बसून होते. मी ती लादी उचलली, खांबापाशी बाया कॉफी पीत होत्या तिथं गेले, आणि पॅनकेकच्या ताटाशेजारी धाडकन ठेवली.

"घ्या. आर्डमोराचा तळ आहे. ह्याच्यावर बसून जाणार होते तुमचे लेक. हात लावा ना! का, घाण वाटते?"

कुणी हात लावला नाही. एक म्हणाली, "पोरीला कसली रीत नाही." लाल भुकटी मात्र मुरंब्यात पडली होती, आणि सगळ्या तिकडंच बघत होत्या.

बाबा मला खूप बोलले त्यावरून. पण चौथ्या दिवशी मागच्या दारावर टकटक झालं. एब्बाकाकू. पदराखाली काही लपवावं तसा शालीखाली काळा पाव धरलेला.

"पुढचं दार ठाऊक आहे की तुम्हाला," मी म्हणाले. "का भोकपाड्याच्या पुढच्या दारात दिसायची लाज वाटते?"

"तुझ्याशी नाही बोलायला आले मी." तिनं पाव पुढं केला. "अल्गोत आहे का? आमचा धाकटा हेलेन कर्कवर जातोय. ती तर आर्डमोरापेक्षा जुनी, साठीला आली..."

मी दार लावणारच होते. बाबा मागून आले.

"हेलेन कर्क लोखंडी आहे," ते म्हणाले. "पोलादाच्या आधीची. पोलाद तरणेपणी दिमाख दाखवतं, लोखंड म्हातारपणी टिकतं. पण असं बोलून काय उपयोग. आवाज ऐकायला हवा." आणि माझ्याकडं वळून, "माझी हातोडी कुठंय?"

"बाबा! ह्या बाईच्या नवऱ्यानं..."

"मला भोकपाड्या तिच्या पोरानं म्हटलं नाही. हातोडी दे."

आणि हेलेन कर्कवर अजून कुणी नाव घातलं होतं, ते एब्बाकाकूनं सांगितलं नाही, पण आम्हा दोघांना माहीत होतं.

सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. एब्बाकाकू दहा पावलं मागून, आमच्यात नसल्यासारखी. वरून मुकादम ओरडला, "भोकपाड्या आला रे! चढायची फळी वर घ्या!" खलाशी खिदळले. रुरिक कठड्याला टेकून उभा होता. हसत नव्हता. बाबा फळीच्या तोंडाशी थांबले, हातात हातोडी. असं बापानं उभं राहायचं आणि पोरानं वरून बघायचं! मला त्या कठड्यावरच्या सगळ्यांना पाण्यात ढकलावंसं वाटलं, रुरिकला सगळ्यात आधी.

रुरिक खाली आला. बाबांच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"मुकादम," तो मागं न बघता म्हणाला, "मी माझ्या जहाजाला मारतोय. तुझी काही हरकत?"

आम्ही पोटात उतरलो. तोच वास. तेच पिठलं. मी बाहेर थांबलेल्या एब्बाकाकूला हाक मारून खाली घेतलं आणि तिच्या हातात बादली दिली. "उपसा. लेक तुमचाही आहे." तिनं नाक मुरडलं, पण उपसायला लागली.

"कुठं मारू?" रुरिकनं विचारलं.

"दोन फासळ्यांच्या मधे."

त्यानं मारली. हळूच.

"समुद्र काय गोंजारतो का तुला?" बाबा म्हणाले. "जोरात."

रुरिकनं हातोडी खांद्यापर्यंत नेली आणि हाणली. खण्ण. देवळातल्या घंटेसारखी. आवाज जहाजभर फिरला, आणि वरची खिदळी थांबली. बाबांनी कान पत्र्याला लावला होता. डोळे मिटलेले.

रुरिक त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"पुढचा पत्रा," बाबा म्हणाले.