दोनशे दहा व्होल्ट

वायरमनच्या कोर्सला आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए पेठ, तिकडे बस," म्हणायचे, नि मुलं हसायची. नव्वदीची मधली वर्षं, नाशिकमधली एक खाजगी संस्था. हसणाऱ्यांचा राग आला तरी मी गप्प बसायचे.

प्रात्यक्षिक साधं होतं. विजेच्या शेगडीला किती व्होल्ट मिळतात नि तिच्यातून किती अँपिअर जातात ते मीटरवर बघायचं. भागाकार केला की रोध, गुणाकार केला की वॅट. पण सरांनी फळ्यावर आकडे आधीच लिहून ठेवले होते: दोनशे तीस व्होल्ट, चार पूर्णांक सहा अँपिअर, रोध पन्नास ओहम, शक्ती एक हजार अठ्ठावन्न वॅट. "हेच जर्नलमध्ये उतरवा. जोडण्या करत बसू नका," म्हणाले. दरवर्षी हेच आकडे उतरवले जात होते.

मी मात्र जोडण्या केल्या. दुपारची वेळ होती, शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू होतं, त्यामुळे व्होल्ट उतरले होते. व्होल्टमीटर दोनशे दहा दाखवत होता, अ‍ॅमीटर चार पूर्णांक दोन. मी तेच लिहिलं: पन्नास ओहम, आठशे ब्याऐंशी वॅट.

सरांनी अख्ख्या पानावर लाल फुली मारली. "मीटर वाचता येत नाही नि वायरमन व्हायला आलीय."

"सर, व्होल्ट कमी आले म्हणून अँपिअरही कमी आले. रोध पन्नासच येतोय. मीटर चुकीचा वाचला असता तर पन्नास आला असता का?"

"मला शिकवू नकोस."

ज्यांनी मीटरला हातही लावला नाही त्या सगळ्यांची पानं बरोबर, आणि माझं चूक. मी ते पान पुन्हा लिहिलं नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. जर्नल चाळताना त्या फुलीवर थांबले. पेन काढून त्यांनी स्वतः गुणाकार-भागाकार केला.

"हे बरोबर आहे. फुली कोणी मारली?"

सर म्हणाले, "गर्दीत चुकून झालं असेल."

"चुकून नाही," मी म्हणाले. "सरांनी वाचून मारलीय. बाकीच्यांचे आकडे फळ्यावरचे आहेत."

परीक्षकांनी मान खाली घालून माझे गुण लिहिले, सरांना मात्र एका शब्दाने विचारलं नाही. ते बाहेर गेल्यावर सर मुलांना म्हणाले, "मुलगी आहे म्हणून सोडलं."

ते वाक्य आठवलं की आजही राग येतो.

निकाल घेऊन मी घरी गेले. वडील अंगणात भाताचं बी निवडत होते. मी शेजारी टेकले, तर माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनी विचारलं, "नापास झालीस का?"

"पास झाले."

"मंग त्वांड असं का?"

मी सगळं सांगितलं. ओहम नि वॅट त्यांना कळले नसतील, पण मुलं का हसायची ते नेमकं कळलं. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"समद्यांसमोर बोललीस?"

"बोलले."

"बेस केलंस," म्हणाले, आणि सूप उचलून पुन्हा बी निवडायला लागले.