सरळ दूर जाणे

उंद्रीच्या गोकुळने त्या सुटीत एक विचित्र परिपाठ ठेवला होता. सकाळी अंगणातल्या बाजेवर तो आडवा, पालथा पडे. पोट तेवढे बाजेवर, छाती आणि पाय अधांतरी. पाय ताठ, हात मागे मांड्यांलगत, खांदे किंचित पुढे वळवलेले, नजर समोरच्या भिंतीवर. पत्नी राखी त्याचे घोटे धरून दोन्ही पाय एका पातळीत आहेत की नाहीत ते पाही. वडील पुंजाजी ओसरीवरून म्हणत, "फौजेत वाघ पाठवला होता, बेंडूक वापस आला." गोकुळ हसत नसे. हसण्याने अंगाचा ताण सुटतो, असे कारण तो देई. खरे कारण भीती हे होते.

तो सैन्याच्या एका छत्रीधारी तुकडीत नाईक होता. उंचावरून उडी घेतल्यावर, पॅराशूट उघडण्यापूर्वी, ही मंडळी एकमेकांची मनगटे धरून घोळक्याने कोसळतात. ठरलेली उंची आली की घोळका फुटला पाहिजे. प्रत्येकाने पाठ फिरवायची, हातपाय मागे ताणून अंगाचा बाण करायचा आणि इतरांपासून सरळ रेषेत, शक्य तितके दूर सरकायचे. पॅराशूट उघडणाऱ्या माणसाचा वेग एकाएकी तुटतो. त्याच्या डोक्यावर दुसरा कोणी कोसळत असेल, तर दोघेही वाचत नाहीत. या सरकण्याला ते ट्रॅकिंग म्हणतात.

सुटीपूर्वीच्या उडीत गोकुळ वेगाने सरकला, पण सरळ सरकला नाही. त्याची वाट डावीकडे वळत पुन्हा सोबत्यांकडे आली. प्रज्वलचे पॅराशूट फुलत असतानाच तो त्याच्या काठाजवळून खाली निघून गेला. प्रज्वल खामगावचा, भरतीच्या दिवसापासूनचा मित्र. जमिनीवर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "घरात घुसाच्या आंधी कडी तं वाजवत जा बे!" सगळे हसले. हसताना प्रज्वलचे ओठ पांढरे पडले होते, हे फक्त गोकुळने पाहिले.

दुसऱ्या एकाच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यात सारे टिपले गेले होते. गोकुळचा डावा खांदा खाली झुकत होता; झुकलेल्या खांद्याच्या बाजूला शरीर वळते, हा तेथला साधा नियम. खांदा का झुकतो, हे मात्र चित्रणातून कळेना. पाय असमान राहत असतील, असा प्रशिक्षकांचा तर्क होता. सुटीनंतरच्या पहिल्या उडीत वाट पुन्हा वळली, तर तुकडीतून नाव कमी होणार होते. त्याचे दुःख गोकुळने पचवले असते. परंतु वाट वळली की नाही हे कळण्याची जागा आकाश होती, आणि ते कळेपर्यंत प्रज्वल उरेल अशी हमी कोणी देत नव्हते.

शेतात सोयाबीनची डवरणी, म्हणजे ओळींमधले तण काढणारी कोळपणी, चालू होती. आपल्याकडे एका बैलजोडीमागे दोन डवरे बांधतात आणि ते दोघांनी शेजारी शेजारी धरायचे असतात. कासरा ज्याच्या हाती, त्याने आपला डवरा सांभाळायचाच, शिवाय सोबत्याच्या डवऱ्यावरही लक्ष ठेवायचे. त्याचे पाते पिकाच्या ओळीत घुसू लागले की बैल थांबवायचे. ही शिस्त कोणी शिकवत नाही. बापाच्या शेजारी चालता चालता ती अंगात येते.

त्या दिवशी कासरा गोकुळच्या हाती होता, डावीकडचा डवरा राखीच्या. काही ओळी झाल्यावर ती वैतागली.

"अहो, घडीघडी माह्याकडं काय वाकून पाहून राह्यले? मले काय डवरा धरता येत नाही?"

"म्या कुठं पाह्यलं?"

"आता पाह्यलं! मान वाकडी करकरून खांदा पडन तुमचा."

गोकुळने बैल थांबवले. तो जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याने आपल्या डाव्या खांद्याला हात लावला. आकाशात पाठ फिरवल्यावर आपण काय करतो ते त्याला आता दिसले. तो प्रज्वल नीट गेला की नाही हे पाहत होता. काखेखालून, क्षणभरच, पण ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात क्षणभर झुकलेला खांदा पुरेसा असतो. सोबत्याची काळजीच त्याला सोबत्याच्या अंगावर नेत होती.

त्याने धुऱ्याच्या बांधापलीकडचा विजेचा खांब नजरेत धरला आणि बैल हाकले. राखीकडे पाहायचे नाही. मान वळवावीशी वाटे तेव्हा तो खांबावरची नजर आणखी घट्ट करी. अर्धे शेत ओलांडण्यापूर्वीच धुऱ्यावरून पुंजाजींची आरोळी आली. राखीच्या डवऱ्याचे पाते ओळीत शिरले होते. हिरवी रोपे उलथून पडली होती.

"कासरा तुह्या हाती, अन् ध्यान कुठं आहे बे? तारावरचे कावळे मोजून राह्यला?"

"बाबा, जानूनच नाही पाह्यलं."

"जानून?" पुंजाजी शेतात उतरले. "जानून कोनी सोबत्याले सोडते?"

उत्तर राखीकडून आले, तेही ओशाळलेपणाने. "चुकी माही आहे, मामंजी. हे पाहतच असतीन म्हनून मी बेफिकीर चालली होती."

पुढच्या ओळीला तिने विचारले, "आताही पाहनार नाही ना?" तो नाही म्हणाला. मग ती खाली पाहून, दोन्ही हातांनी डवऱ्याची मूठ आवळून चालू लागली. पाते पुन्हा ओळीत गेले नाही. गोकुळला हे शेताच्या टोकाला, मागे वळल्यावर कळले. मधल्या वेळात त्याला काहीच ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाने त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. दुसऱ्यावर नजर ठेवणे म्हणजेच जबाबदारी, असे आपण समजतो. दुसऱ्याने स्वतःला सांभाळावे यासाठी नजर काढून घेणे ही अधिक कठीण जबाबदारी आहे, आणि समाज तिला सहसा निष्ठुरपणा म्हणतो.

सुटी संपवून तळावर परतताना तो खामगावला उतरला. सुटीवरून जाणाऱ्याने सोबत्याच्या घरचा डबा नेण्याची रीत आहे. प्रज्वलच्या आईने, आशाबाईंनी, शेवेचे लाडू बांधून दिले आणि त्याचा हात धरला. "तू हाये म्हनून मले झोप लागते, बाबू. वरतं त्याच्यावर नजर ठेवजो."

हो म्हणणे सोपे होते. "काकू, वरतं मी त्याच्याकडं पाहनार नाही," तो म्हणाला. "पाह्यलं तं त्याच्याच अंगावर जाईन. मांगच्या बारीले गेलोच होतो."

आशाबाईंनी हात सोडला. "मंग त्याले कोन पाहीन?"

"तो सोताच."

त्यांनी डबा परत मागितला नाही. पण गोकुळ फाटकाबाहेर पडला तेव्हा त्या दारात आल्या नव्हत्या.

तळावर त्याने सारे प्रशिक्षकांना सांगितले आणि घोळक्याआधी एक एकट्याची उडी मागून घेतली. ती सरळ झाली. त्यावरून काही सिद्ध होत नव्हते. एकटे असताना पाहायला कोणी नसतेच. घोळक्याच्या उडीपूर्वी विमानात तो प्रज्वलच्या कानाशी ओरडला, "मी पाहनार नाही, समजलं?"

"नको पाहू ना बे! मी काय नवरी आहे?"

कोसळताना दोघांनी एकमेकांची मनगटे धरली होती. उंची आली. गोकुळने पाठ फिरवली, पाय ताणले, खांदे समान केले आणि क्षितिजावरच्या एका चकाकत्या तळ्यावर नजर रोवली. डाव्या बाजूला, काखेखाली, एक जग होते ज्यात प्रज्वल जिवंत होता किंवा नव्हता. मान तिकडे ओढ घेत होती. तळे नजरेसमोरून हलले नाही. वर कोणी असल्यास त्याला इशारा म्हणून त्याने हात हलवले, पॅराशूट उघडले, खांद्यांना झटका बसला, आणि मगच त्याने डावीकडे पाहिले. आकाश रिकामे होते.

त्याने दोऱ्या ओढून स्वतःला पुरते वळवले. फार दूर, त्याच्या अपेक्षेच्या कितीतरी पलीकडे, एक छोटे पॅराशूट संथपणे खाली उतरत होते. इतक्या अंतरावर तो प्रज्वलच आहे हे ओळखणे अशक्य होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गोकुळला ते अंतर बरोबर वाटले.