शेवंताबायचा पहिला कोंबडा

शेवंताबाय दिवसाचा पहिला कोंबडा गिऱ्हाइकासाठी नाही, कुत्र्यासाठी कापायची. पिंजऱ्यात हात घालून पक्षी पायांना धरून काढायची, पंख पाठीमागे मुरडायची आणि ओंडक्यावर कोयत्याचा एकच घाव. धड पिंपात धडपडत असतानाच तिचा कोयता पुसून झालेला असे. मग ती कातडी सोलून मान, कलेजी आणि पाठीचं हाड वेगळं काढायची आणि ओंडक्याखाली बसलेल्या तांबड्या कुत्र्याला म्हणायची, "घे रे बॉबी." तोवर तो हलायचा नाही. रक्ताचा ओघळ नाकावरून गेला तरी नाही. उरलेलं मांस मग विक्रीला.

पेडण्याच्या बाजारात तिच्या आणि माझ्या दुकानांमध्ये फक्त एक पत्रा होता. मी जनावरांचं खाद्य विकते. आधी गुरांची पेंड आणि कोंबड्यांचं खाणं एवढंच होतं. मोपाला विमानतळ झाला, नव्या इमारतींत बाहेरचे लोक राहायला आले, त्यांच्याबरोबर पट्टा लावलेले कुत्रे आले आणि मी कुत्र्यांच्या तयार खाण्याची पाकिटं ठेवू लागले. शेवंताबायला ती पाकिटं खपत नसत. गिऱ्हाईक पाकीट घेऊन पायरी उतरलं की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, आधी स्वतः चावून बघ म्हणून: "गो बाय, ते खडे आदीं तू चाबून पळे. मागीर कुत्र्याक घाल."

साठीची, काटकुळी बाई. नवऱ्याने लग्नानंतर एकदाच हात उगारला होता. तिने भाताच्या तपेल्यावरचं झाकण त्याच्या कपाळावर मारलं आणि मग स्वतःच हळद भरली, असं ती सांगायची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी ती खूण कुठे होती ते स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवायची.

तिची दोन वाक्यं सगळ्या बाजाराला पाठ होती. एक, "देवान दात कित्याक दिले? पेज पिऊपाक?" आणि दुसरं, "शिजयलेलें हाड सुरी जाता, कच्चें हाड जेवाण जाता." दुसऱ्या वाक्याचा अर्थ मी डोळ्यांनी पाहिला. एक माणूस मोठा काळा कुत्रा गाडीतून घेऊन माझ्याकडे धावत आला. रश्शातलं मटणाचं हाड कुत्र्याच्या घशात आडवं बसलं होतं. तोंडातून फेस आणि रक्त. मी डॉक्टरला फोन लावत होते, तोवर शेवंताबाय पत्र्याला वळसा घालून आली, गुडघा कुत्र्याच्या छातीवर रोवला आणि जबड्यात मनगटाच्या वरपर्यंत हात घातला. कुत्र्याने दात मिटले. तिने "आई गे" सुद्धा केलं नाही. हात बाहेर आला तेव्हा कातडी लोंबत होती आणि मुठीत हाडाचा टोकदार तुकडा होता. त्याच रक्ताळलेल्या हाताने तिने मालकाच्या कानाखाली लगावली. "तुजें उश्टें ताका घालता? लज ना तुका?" मग ती सुई टोचून घ्यायला दवाखान्यात गेली आणि दुपारी परत येऊन दोन कोंबडे कापले.

आता माझं सांगते. पाकिटं विकायची तर काहीतरी बोलावं लागतं. कोणी विचारलं, "शेजारची बाई तर कच्चं घाला म्हणते," की मी म्हणायचे, "घाला हवं तर. पण कच्च्या मांसाने कुत्रा रक्ताला चटावतो. उद्या शेजाऱ्याचं पोर धरलं तर मला सांगायला येऊ नका." हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि ते खरं आहे की नाही हे मी तपासलंही नव्हतं. ते चालायचं, म्हणून मी बोलायचे. बॉबी तर रोज माझ्या पायरीशी झोपायचा.

तीन वर्षांमागच्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात आमच्याकडे घरोघरी मासळी-मटण बंद. शेवंताबायचं दुकान हरमलच्या हॉटेलवाल्यांवर आणि बांधकामावरच्या कामगारांवर कसंबसं चालायचं. पण गिऱ्हाईक येवो न येवो, बॉबीचा कोंबडा चुकत नव्हता. श्रावणात कुत्र्यासाठी जीव घेते म्हणून लोक कुजबुजत. सर्वांत जास्त बोलायचे आपा. बाजारामागेच त्यांचं घर. वाड्याची राखण द्यायचा मान त्यांच्या घराण्याकडे, म्हणजे गावाची सीमा सांभाळणाऱ्या राखणदाराला दर वर्षी कोंबडा द्यायचा तो त्यांनीच. गणपतीची चवथ झाली की द्यायचा म्हणून त्यांनी एक लाल कोंबडा पाळून तयार केला होता. त्यांच्या घरी श्रावण इतका कडक की त्यांचा कुत्रा टायगरसुद्धा महिनाभर पेज आणि आमटीभातावर. "आमच्या घरात कुत्रोय सोवळो," आपा अभिमानाने सांगायचे. टायगरच्या बरगड्या मोजता येत होत्या.

एका सकाळी तो लाल कोंबडा फणसाखाली फाटलेला सापडला. अर्ध्या तासात आपा आणि त्यांचे दोन पुतणे दांडे घेऊन बाजारात आले. शेवंताबाय मागच्या नळावर बालदी भरत होती. बॉबी ओंडक्याखाली होता.

पहिला दांडा कमरेवर बसला. बॉबी ओरडत बाहेर आला तसा दुसरा पुढच्या पायावर. हाड मोडल्याचा आवाज मी पत्र्याअलीकडून ऐकला. एका पुतण्याने गळ्यात दोरी टाकून त्याला रस्त्यावर ओढलं आणि दुसरा पोटात दांड्याचं टोक खुपसत राहिला. मी पायरीवर आले. आपांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बाय खोटें सांगता? हिणेंच म्हटलां, कच्चें खाता तो कुत्रो रगताक चटावता!" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी "हो" म्हटलं नाही. "नाही" सुद्धा म्हटलं नाही. त्या वेळी तेवढं एकच करण्यासारखं होतं आणि मी ते केलं नाही.

शेवंताबाय ओली, हातात कोयता घेऊन आली. आपांनी आडवा धरलेला दांडा तिच्या मनगटावर आपटला. ते मनगट पुढे कधी सरळ झालं नाही. तिने कोयता दुसऱ्या हातात घेतला आणि एका घावात बॉबीची दोरी तोडली.

"कोणें पळयलां ताका कोंबो धरतना?" तिने विचारलं. पाहिलं तर कोणीच नव्हतं.

"पळोवपाक कित्याक जाय? रोज रगत चाटता तो!" आपा म्हणाले.

"बरें तर. हांव कोंबो सोडटां. ताणें तोंड लायलें तर ह्याच कोयत्यान ताची मान हांव मारतां. तुमी हात लावपाची गरज ना."

तिने पिंजऱ्यातून जिवंत कोंबडा काढला आणि बॉबीपुढे सोडला. बॉबी कुशीवर पडला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. कोंबडा बावरला, दोन पावलं चालला आणि बॉबीच्या पायावरच्या रक्तात चोच मारू लागला. बॉबीने मान वळवली. कोंबड्याकडे नाही, शेवंताबायच्या हाताकडे. ती "घे" म्हणायची वाट बघत होता.

तेवढ्यात माणसांच्या पायांमधून काहीतरी सुटलं. धन्यामागे आलेला टायगर. त्याने कोंबडा मानेला धरला, दोनदा झटकला आणि सगळ्यांदेखत पिसांसकट फाडायला लागला. इतका उपाशी होता की श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हता.

आपांचा चेहरा काळा पडला. त्यांनी दांडा उचलला आणि टायगरच्या पाठीत घातला. दुसरा घालायच्या आत शेवंताबायने कोयत्याची पाठ त्यांच्या कोपरावर हाणली. दांडा गटारात गेला.

"उपाशी दवरलो कोणें? श्रावण तुजो. ताका विचारिल्लें तुवें?"

बॉबी दुपारी गेला. डॉक्टर आले होते; पोटात आतून फुटलंय, म्हणाले. शेवंताबाय रडली नाही. मनगट बांधून आली, मागच्या काजूखाली खड्डा मला खणायला लावला. "तूच खण," एवढंच म्हणाली. मी खणला. तिने त्यापेक्षा जास्त मला कधीच काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं. एका हाताने पिंजऱ्यातला कोंबडा काढला, पाय गुडघ्याखाली दाबले आणि डाव्या हाताने घाव घातला. पहिल्यांदाच तिला दोन घाव लागले. मान, कलेजी, पाठीचं हाड वेगळं केलं. मग ती ओंडक्याखाली बघत नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिने वळून मागच्या वाटेकडे हाक मारली.

"टायगर! यो रे."

तो आपांच्या कुंपणाशी होता, मार खाल्लेला, शेपूट पोटाशी. येईना. तिने मान त्याच्याकडे फेकली.

"ह्यानेच तर सगळं केलं," मी म्हटलं.

"तो भुकेलो आसा," ती म्हणाली. "बॉबी आतां भुकेलो ना."

वर्षभराने मनगटाने दगा दिला, दुकान बंद झालं आणि ती डिचोलीला लेकीकडे गेली. तोपर्यंत तो पहिला कोंबडा टायगरचा होता. ती गेल्यापासून आपा त्याला रोज बांगड्याची डोकी घालतात, श्रावणातही. कुंपणाआड, कोणी बघत नाही असं समजून.

मी पाकिटं अजून विकते. परवा नव्या इमारतीतली एक बाई विचारत होती, "कच्चं घातलं तर कुत्रा चावरा होतो ना हो?"

"नाही," मी म्हटलं. "उपाशी ठेवला तर होतो."

तिने पाकीट घेतलं नाही, कच्चं कुठे मिळेल ते विचारलं. पत्र्यापलीकडे आता भाजीवाला आहे. तिला मी मासळी बाजाराची वाट दाखवली.