मेगलीत दूध नसतं

अहिल्यामावशी एकदा 'करते' म्हणाल्या की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. पन्नाशी उलटल्यावर अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बर्फात त्या ड्रायव्हिंग शिकल्या. दोनदा नापास झाल्या, आणि पुढच्या खेपेला परीक्षकालाच 'आधी सीटबेल्ट लावा' असा दम देऊन पास झाल्या. त्यामुळे नात झाल्यावर त्या सुनेला "मेगली मी करते" म्हणाल्या, तेव्हा ओजसनं, त्यांच्या लेकानं, कपाळाला हात लावला.

सून नदीन लेबनीज, माहेर जवळच डिअरबॉर्नला. तिच्याकडे बाळ झालं की मेगली शिजते. तांदळाच्या पिठाची तपकिरी, दाट खीर. तिच्यात दालचिनी, बडीशेप आणि कॅरवे नावाचं, जिऱ्याच्या चुलतभावासारखं बी. वर खोबरं आणि भिजवलेले अक्रोड-बदाम. बाळ बघायला येईल त्याच्या हातात वाटी द्यायचीच. नदीनच्या अख्ख्या नात्यात मेगली तिची आईच करायची, आणि आई गेल्या उन्हाळ्यात वारली. आता रविवारी वडील बाळाला बघायला येणार होते.

"कॅन्सल करू या," नदीन भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मेगलीशिवाय मी त्यांच्यासमोर बसणार नाही."

"कॅन्सल कसलं करतेस? मी मेले नाहीये अजून!" मावशी म्हणाल्या.

त्यांनी पातेलं चढवलं आणि हात सवयीनं फ्रीजकडे गेला. दूध घातलं, वेलची घातली, वर चमचाभर साजूक तूप. नदीननं एक घास घेतला, "छान झालीय" म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. मेगलीत दूध नसतं, हे तिनं रडता रडताच सांगितलं.

"बाळंतिणीच्या खिरीत दूध नाही? कमाल आहे बाई!" मावशींना क्षणभर रागच आला. मग पोरीचं तोंड बघून वाईट वाटलं. त्यांनी ते पातेलं ओजसपुढे सरकवलं आणि थेट व्याह्यांना फोन लावला.

जमील मोजकंच बोलणारा माणूस. "कृती मला माहीत नाही," ते म्हणाले. "ढवळताना ती कुणाचा फोन घ्यायची नाही. आणि वास जिन्यापर्यंत यायचा."

एवढ्यावर मावशी बर्फातून गाडी काढून डिअरबॉर्नला गेल्या, कॅरवे घेऊन आल्या आणि पाण्यात पीठ कालवून उभ्या राहिल्या. पहिली खेप तळाला लागली, दुसरीत गुठळ्या झाल्या. खांदा भरून आला.

"आई, यार, बस कर ना! कोणाला कळणारे?"

"तिला कळेल. हो बाजूला."

रविवारी जमील आले. दारातच थबकले, वास घेतला आणि बूट काढू लागले. वाटी हातात घेऊन त्यांनी सावकाश, तळ दिसेपर्यंत खाल्लं. मग डोळे पुसले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

नदीननं मात्र चमचा खाली ठेवला. "आईच्या हातची नाही ही," ती हळूच म्हणाली.

ओजस घाबरून आईकडे बघायला लागला.

"नाहीच आहे," मावशी म्हणाल्या. "होणारही नाही गं. मी कितीही ढवळलं तरी ती बाई परत येणार नाही. पण उद्या ही चिमुरडी बाळंतीण होईल, तेव्हा तिनं कुणाच्या हातची आठवून रडायचं? माझ्या? मी काय तोवर पुरणार आहे?"

नदीननं बाळाला वडिलांच्या मांडीवर दिलं, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा काढला.

मावशी मागोमाग गेल्या आणि सगळ्यात आधी तिचा फोन बंद करून ठेवला.