दुखणं कधीपासूनचं?

कापड कापण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोटाचं महागडं कापड टेबलावर पसरलं, की खडूची एक रेघ आणि लगेच कात्री. रेघ पुसून पुन्हा मारलेली कोणी पाहिली नाही. एकतीस वर्षं एकाच शिवणघरात. एवढा हुशार माणूस, पण स्वतःच्या पाठीच्या बाबतीत त्याने शुद्ध गाढवपणा केला.

कमरेतून कळ निघून उजव्या पायात उतरू लागली, तेव्हा त्यांनी टेबलाखाली चार लाकडी ठोकळे सरकवले. म्हणजे वाकायला नको. वर्षभराने आणखी चार. टेबल उंच होत गेलं, पण कशासाठी, याचा घरीदारी कुणाला पत्ता नाही. शेवटी पाऊल बधिर झालं, जिन्याची पायरी पायाला कळेना, तेव्हा बायकोने त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असतील सहा महिने."

"सहा?" बायको उसळली. "अहो, धाकटीच्या लग्नात खुर्ची धरून उभे होतात. त्याला चार वर्षं झाली!"



डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "घसरलेला मणका स्क्रू घालून जोडू. कळ बहुतेक जाईल. पण शीर चार वर्षं दाबली गेलीय. लवकर आला असतात तर जास्त आशा होती. पाऊल किती सुधारेल, सांगता येत नाही."

मास्तरांचा जीव त्या पावलातच अडकला होता. कोटाची कॉलर ते स्वतः शिवत, आणि मशीनचा वेग उजव्या पावलाच्या दाबावर.

ऑपरेशन झालं. कळ गेली. टाच जागी झाली, बोटं मात्र मुकीच राहिली. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी या गृहस्थाने डाव्या पायाला शिकवायला घेतलं. चिंध्यांवर वाकड्यातिकड्या शिवणी घालायचे आणि स्वतःच हसायचे, "पहिलीतल्या पोरासारखं गिरवतोय!" सहाव्या महिन्यात सरळ कॉलर निघाली. मला तर त्या माणसाला सलाम ठोकावासा वाटतो.

कामावर परतल्यावर आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की इस्त्रीवाली सगळा भार एकाच पायावर देते.

"कधीपासून गं?"

"काही नाही हो मास्तर. उभं राहून राहून मुंग्या येतात."

मास्तरांनी सगळ्यांदेखत उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि टाचणी उचलून अंगठ्यात खुपसली. रक्ताचा थेंब आला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मी डॉक्टरांशी खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "तू खरं सांग."

"तीन आठवडे," ती म्हणाली आणि रडू लागली.

"मग अजून वेळ आहे," मास्तर म्हणाले आणि तिची इस्त्री बंद करून तिला दवाखान्यात घेऊन गेले.